मेळावा कुठं घ्यायचा?

मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न पूर्वीही निघायचा, पण तेव्हा भांडण गावांचं असायचं. अर्जुनीवाले म्हणायचे, आमच्याकडं रेल्वे थांबते. नवेगाव बांधवाले म्हणायचे, आमच्याकडं पाणी आहे, जागा आहे. देवरीकडचे दोघांवरही रुसून बसायचे. मग कोरोनाच्या काळात समाजाचा वधू-वर परिचय मेळावा मोबाईलवर गेला आणि तिथंच राहिला. मुलं पुण्याला, हैदराबादला कामाला. दोन मिनिटांच्या परिचयासाठी एवढ्या लांबून कोण येणार? आता ‘मेळावा कुठं घ्यायचा’ म्हणजे कोणत्या अ‍ॅपवर घ्यायचा, एवढंच.

“मागल्यासारखा फेसबुकवर लाइव्ह करून टाकू,” मोहित म्हणाला. तो अध्यक्षांचा पुतण्या. लग्नांचे व्हिडिओ काढायचा, म्हणून मंडळाचं मोबाईलचं सगळं काम त्याच्याकडं. “फुकटात होते. कोणाले काही शिकवा नाही लागत. मागच्या साली किती लोकांनी पाह्यलं, माहीत आहे ना?”

अध्यक्ष ईश्वरदास कापगते यांनी मान डोलावली. ती पाहून बाकीच्यांनीही डोलावली. मंडळाची सचिव रुख्मा डोंगरवार मात्र तशीच बसून राहिली.

“पोरांची नावं भरभरून आली,” ती म्हणाली. “पोरींची हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. काऊन, ते कोणी बोलून नाही राहिलं.”

कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

मागच्या मेळाव्यात नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यातली दामिनी संग्रामे बोलायला बसली होती. नाव, शिक्षण, आईवडील सांगून झाल्यावर ती म्हणाली, “शेतीवाला चालेल, नोकरीवालाही चालेल. पण त्याला पोहता आलं पाहिजे.” आणि पुढं तिनं कारण सांगितलं. तिचा भाऊ तलावात बुडाला, तेव्हा काठावर माणसं होती, पण पाण्यात उतरणारं कोणी नव्हतं. समाजाच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले आणि आपल्यालाच त्यांची भीती वाटते, असंही ती म्हणाली. पण ते कोणी ऐकलंच नाही. कोण्या रिकामटेकड्यानं ‘पोहता आलं पाहिजे’ एवढ्यावर तिला कापलं, मागं नाचाचं गाणं लावलं आणि सोडून दिलं. ती क्लिप जिल्हाभर फिरली. बसस्टँडवर पोरं तिला पाहून हवेत पोहल्यासारखे हात मारायची. एका घरून पाहुणे आले तर त्यातला म्हातारा हसत म्हणाला, “पोरीले नवरा पाहिजे का नावाडी?” त्या दिवसापासून दामिनीनं घराबाहेर पडणं सोडलं.

रुख्माला हे दुसऱ्या कोणाकडून कळायची गरज नव्हती. दामिनी तिच्याच क्लासची मुलगी. रुख्मा अर्जुनीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. बारावीनंतर लगेच तिचं लग्न झालं होतं. घरी धानाची शेती, सासू आजारी. तरी नवरा श्यामलालनं तिला रेल्वेनं गोंदियाला टायपिंग शिकायला जाऊ दिलं, शेजारपाजारचे काय बोलतात ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढं कृषी केंद्रामागच्या एका खोलीत जुन्या मशिनी मांडून तिनं क्लास सुरू केला. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, ती आधी शिकली आणि मग शिकवत गेली. बोलायची कमी, पण एकदा हातात घेतलेलं टाकायची नाही. मंडळाला ‘एक बाई पाहिजे’ झालं तेव्हा तिला सचिव केलं, ते ती मुकाट्यानं इतिवृत्त लिहील म्हणून.

“तर मग तुम्हीच सांगा रुख्माबाई, कुठं घ्यायचा,” ईश्वरदास म्हणाले. आवाज गोड होता, डोळे नव्हते. “पण मेळावा पडला तर तुमच्या नावानं पडेल.”

“पडू द्या, भाऊजी,” ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण ‘चांगलं अ‍ॅप’ म्हणजे नेमकं काय, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती दामिनीच्या गावी गेली. अंगणात उमराव, दामिनीचा बाप, धानाची पोती शिवत बसला होता. त्यानं सुतळी खाली ठेवली नाही.

“काऊन आल्या?”

“दामिनीले भेटाले.”

“ते नाही बसणार आता तुमच्या मेळाव्यात. एकदा बसवली, तेच पुरे झालं.”

“बसवाले नाही आली, दादा. विचाराले आली.”

आत ऐकून दामिनी दारात येऊन उभी राहिली. वाळली होती. रुख्मानं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

“मले असं अ‍ॅप पाहिजे,” ती म्हणाली, “की तिथून पोरीचं बोलणं कोणी चोरू नाही शकत.”

“चोरणाऱ्याले सगळंच चोरता येते, मॅडम.”

“मंग चोरून दाखव.”

उमरावची सुई थांबली. “हे काय बोलून राहिल्या तुम्ही? तिच्या जखमेवर…”

“बाबा, थांबा,” दामिनी म्हणाली. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मग तिनं विचारलं, “कधी येऊ?”

दुपारी क्लास सुटला की दोघी बसायच्या. रुख्मा नवरी व्हायची. कॅमेऱ्यासमोर बसून नाव, गाव, शिक्षण सांगायची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दामिनी चोर. पहिलं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तसलं, मीटिंगचं, पासवर्ड टाकून आत जायचं. रुख्माचं शिक्षण सांगून व्हायच्या आत तिच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर तिची क्लिप येऊन पडली. दुसऱ्यात पडद्याचं रेकॉर्डिंगच होत नव्हतं, नुसतं काळं दिसायचं. रुख्मा खूश झाली. पण दामिनीनं बापाचा फोन पडद्यासमोर धरला आणि क्लिप पुन्हा आली. तिसरं एका मोठ्या शहरातल्या कंपनीचं होतं. त्यात खोटा मांडव, खोटे स्टॉल, जाहिरातवाल्यांच्या पाट्या, सगळं झगमग. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “मॅडम, एकदम सेफ है.” दामिनी दुसऱ्याच कोणाला पाठवलेल्या लिंकवरून ‘पाहुणा’ असं नाव घालून आत शिरली आणि तिला कोणी विचारलंही नाही.

त्या दिवशी आलेल्या क्लिपला दामिनीनं गाणंही लावलं होतं. रुख्मानं उघडून पाहिलं. तीच होती, तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले, ‘घरकाम येते’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणणारी, आणि मागं ढोल. आधी तिला हसू आलं. मग ते हसू मध्येच अडकलं. स्वतःचं तोंड कोण्या परक्यानं उचलून नेल्यासारखं वाटलं. हे तर दोघींपुरतं होतं, दार लावलेल्या खोलीतलं. दामिनीचं अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं होतं.

“पुसून टाकू?” दामिनीनं विचारलं.

“राहू दे थोडा वेळ,” रुख्मा म्हणाली.

मेळाव्याची तारीख जवळ येत होती. ईश्वरदासांचा रोज फोन, “ठरलं का?” ठरत काहीच नव्हतं. श्यामलाल जेवताना म्हणाला, “तुले झोप नाही लागून राहिली. सोडून दे ना. करू दे त्याईले फेसबुकवर.” ती ताटातला भात तसाच ठेवून उठली.

शेवटी मार्ग दामिनीलाच सापडला. घरात कोंडून घेतलेल्या महिन्यांत ती फोनवर स्पर्धा परीक्षेचे क्लास पाहायची. ते क्लासवाले ज्या अ‍ॅपवर शिकवायचे, तिथं बघणाऱ्याचा स्वतःचा मोबाईल नंबर आणि नाव त्याच्याच पडद्यावर, शिकवणाऱ्याच्या चित्रावरून, फिक्या अक्षरांत सरकत राहायचं. विद्यार्थ्यांनी तास चोरून विकू नयेत म्हणून केलेली ती सोय. आत यायचं तर फोनवर ओटीपी आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

दोघींनी करून पाहिलं. रुख्मा बोलली. दामिनीनं बापाचा फोन समोर धरून क्लिप काढली आणि आणून दाखवली. रुख्माच्या कपाळावरून दामिनीचं नाव आणि नंबर आडवा चालला होता.

“चोरता तर याच्यातूनही येते, मॅडम. पण चोराचं नाव पडते.”

मंडळात त्यावर रण माजलं. “मी सून पाहून राहिलो, अन् तिच्या तोंडावर माझा नंबर कायले?” एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्यांना ओटीपी कोण सांगेल? ईश्वरदासांची अडचण वेगळी होती. जाहिरात देणाऱ्या सोनाराला त्यांनी हजारो लोक बघतील असं सांगून ठेवलं होतं. बंद खोलीत किती माणसं मावणार? पण एका गोष्टीपुढं कोणाचं चाललं नाही. रुख्मा गावोगाव फिरून आयांना ते अ‍ॅप दाखवत होती आणि मुलींची नावं येऊ लागली होती. प्रत्येक घरी ती एकच शब्द देत होती, “एका पोरीचंही चित्र बाहेर गेलं, तर मेळावा मी तिथंच थांबवीन. मंग तुम्ही म्हणाल तसं.”

मेळाव्याच्या रविवारी सकाळपासून क्लासमध्ये दोघीच होत्या. दामिनी दाराशी, म्हणजे नाव-नंबर पाहून आत घेणारी. रुख्मा सूत्रसंचालनाला. जंगलालगतच्या गावांत ओटीपी पोचेना. फोनवर फोन. “बाई, नंबर आला अन् गेला!” कोणाचा आवाज येत नव्हता, कोणाचा बंद होत नव्हता. एका घरातली बकरी सगळ्या समाजानं ऐकली. ईश्वरदासांनी आपल्या घरून अध्यक्षीय भाषण केलं, सोनारानं आपलं सांगून घेतलं आणि एकदाचे परिचय सुरू झाले. मुली बोलू लागल्या तशी रुख्माची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली.

देवरीकडची रीता बोलत होती. नर्सिंग झालेली, धीट मुलगी. “मी लग्नानंतरही नोकरी करणार, हे आधीच सांगते…” आणि रुख्माचा फोन थरथरला. नवेगाव बांधची एक ओळखीची बाई होती.

“रुख्माबाई, हे फेसबुकवर कसं काय दिसून राहिलं?”

रुख्मानं फोन बाजूला ठेवला. तिनं दामिनीकडं पाहिलं. दामिनीनं तोवर शोधून काढलं होतं. एका उघड्या पानावर रीता बोलत होती. कोणीतरी पडद्यासमोर फोन धरला होता, चित्र हलत होतं. खालून लाल बदामाची चित्रं उडत होती आणि लोक लिहू लागले होते. कोणीतरी लिहिलं होतं, ‘ये भी तैरनेवाला मांगेगी क्या.’ ते दामिनीनंही वाचलं.

रीताच्या गालावरून एक नाव आणि नंबर सरकत गेला; हलत्या चित्रात नाव वाचता आलं नाही, नंबर आला. रुख्माला तो वहीत पाहावा लागला नाही. रोज ‘ठरलं का?’ विचारणारा तोच नंबर.

ईश्वरदास. अध्यक्ष. ज्यांच्या घरी तिच्या नणंदेचं लग्न जुळलं होतं, ज्यांनी श्यामलालच्या बापाला खांदा दिला होता. त्यांना अख्ख्या समाजासमोर काढायचं? बाहेरच्या बाहेर फोन करून सांगावं, की असं करू नका? तेवढ्यात रीता अजून दोन वाक्यं बोलली असती.

“रीता, थांब बाई,” रुख्मा माइकवर म्हणाली. “बोलू नको. कॅमेरा बंद कर.” मग दामिनीला म्हणाली, “तो नंबर बाहेर काढ.”

“अध्यक्षांचा?”

“हो.”

दामिनीनं बटण दाबलं. फेसबुकवरचं चित्रही काही क्षणांत काळं झालं.

लगेच ईश्वरदासांचा फोन आला. “मलेच बाहेर काढलं? अध्यक्षाले?”

“तुमच्या नंबरवरून बाहेर जाऊन राहिलं होतं, भाऊजी. फेसबुकवर.”

पलीकडं मागून मोहितचा आवाज आला, “काका, ठेवा फोन.” मग ईश्वरदास हळू आवाजात म्हणाले, “तो सोनार ऐकून नव्हता राहिला. लोक कुठं आहेत, लोक कुठं आहेत करत होता. मीच मोहितले म्हटलं, थोडा वेळ लाव. चांगलंच काम आहे ना आपलं? चोरी तर नाही.”

“रीताले विचारलं होतं?”

“आता तो सोनार…” ईश्वरदास पुन्हा सांगू लागले.

“व्हिडिओ काढून टाका. मी फोनवरच आहे.”

“रुख्माबाई, सगळ्यांसमोर माझी…”

“आधी काढा, भाऊजी.”

ती कानाला फोन लावून उभी राहिली. पलीकडं काकापुतण्यांची बाचाबाची ऐकू येत होती. दामिनी आपल्या फोनवर ते पान पुन्हा पुन्हा उघडत होती. आहे. आहे. अजून आहे. मग ती म्हणाली, “गेला.”

इकडं अ‍ॅपवर मुलांकडची मंडळी कुरकुरू लागली होती. “का झालं? चालू करा ना बाई!” रुख्मानं त्या सगळ्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं आणि फक्त मुली अन् त्यांचे आईबाप आत ठेवले. घडलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. “मी शब्द दिला होता. म्हणून थांबवलं. आता बंद करा म्हणाल तर इथूनच बंद.”

एका बापानं काही न सांगता फोन बंद केला, त्याची मुलगी पडद्यावरून नाहीशी झाली. रुख्मानं त्याला अडवलं नाही.

“किती जणांनी पाह्यलं?” रीतानं विचारलं.

रुख्मानं तोंड उघडायच्या आत बाजूनं आवाज आला. “बऱ्याच जणांनी. व्हिडिओ आता काढला आहे. पण मधात कोणी आपल्या फोनमध्ये ठेवला असेल, तर ते मले नाही सांगता येत. खोटं नाही बोलत.”

“तुम्ही कोण?” कोणाच्या तरी आईनं विचारलं.

दामिनीनं क्षणभर रुख्माकडं पाहिलं. मग हात पुढं करून तिनं आपला कॅमेरा सुरू केला. “मी दामिनी संग्रामे.”

नाव सगळ्यांना माहीत होतं. चेहराही. त्या चौकटींमध्ये कोणी हसलं नाही. एका चौकटीत एक बाई पदरानं तोंड पुसत होती. दामिनी कॅमेऱ्यासमोरून हलली नाही.

“मंग मी पहिल्यापासून बोलते,” रीता म्हणाली. “माझं अर्धंच बोलणं बाहेर गेलं. ते अर्धं नाही राहू देत मी.” तिचा बाप मागून काही पुटपुटला, पण तिनं केस कानामागं सारले आणि कॅमेरा लावला. तिच्यामागून बाकीच्यांनी एकेकीनं हो म्हटलं. दामिनीनं बाहेर थांबलेल्यांना परत आत घेतलं. अध्यक्षांचा नंबर सोडून.

पुढच्या बैठकीत रुख्माला बरंच ऐकून घ्यावं लागलं. अध्यक्षाची अशी अब्रू काढायची होती का, फोनवर समजावता आलं नसतं का, असं दोघातिघांनी विचारलं. तिनं इतिवृत्त लिहिणं थांबवून उत्तर दिलं, “नसतं आलं.” बैठक उठायच्या वेळी कोणाकडंही न पाहता ईश्वरदास म्हणाले, आपण बायकोला घेऊन देवरीकडं रीताच्या घरी जाऊन आलो, माफी मागितली. मुलीच्या बापानं बसायला सांगितलं, चहा नाही विचारला. एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली आणि गेले. मंडळाचं मोबाईलचं काम मोहितकडून काढून घेतलं. सचिवपद दुसऱ्या कोणाला द्यावं असं काहींच्या मनात होतं, पण घ्यायला कोणी पुढं झालं नाही.

त्या मेळाव्यातून काही लग्नं जुळली. रीताचं नाही जुळलं. ती एका दवाखान्यात कामाला लागली. दामिनी क्लासला परत येऊ लागली, पहिल्या दिवशी तिला सोडायला उमराव स्वतः आला आणि दाराबाहेर बराच वेळ उगाच उभा राहिला.

रुख्मा मात्र पुढं कितीतरी दिवस फोन वाजला की दचकायची. कुठून तरी रीताचं ते अर्धं बोलणं गाणं लावून येईल, असं तिला वाटत राहायचं. भाकरी थापता थापता हात पुसून ती पडदा पाहायची. श्यामलाल नुसता पाहून घ्यायचा. क्लिप आली नाही. शिवारात मोहफुलं पडायला लागली, बायका पहाटे टोपल्या घेऊन निघू लागल्या, तेव्हा कुठं एक दिवस तिच्या लक्षात आलं की फोन सकाळपासून क्लासमध्येच विसरला आहे आणि आपल्याला त्याची आठवणही झाली नाही.